परिशिष्ट तीन, नमुना चारशे बारा

रेणुकाला जाऊन अकरा महिने झाले होते. ती कशी गेली, हे तिच्या नवऱ्याला, व्यंकटेश अंबुलगेकरांना, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, एका छापील तक्त्यातून कळलं.

तक्ता परिशिष्ट तीनमध्ये होता. राष्ट्रीय माहिती व संचार तंत्रज्ञान संशोधन धोरणाचा दुसरा मसुदा तयार होत होता आणि अंबुलगेकर त्याच्या भाषा उपसमितीचे सदस्य-सचिव होते. म्हणजे इतरांनी बोलायचं आणि यांनी ते कागदावर बसवायचं. पुण्याच्या कार्यालयात रोज असे दोन-तीन गठ्ठे येत. ते पेन्सिल घेऊन वाचत, आकडे जुळतात का बघत, ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आणि वाचून झालेल्या ओळीपुढे बारीक टिकमार्क करत.

तक्त्याचं नाव होतं ‘अर्थहानी : निवडक नमुने’. नमुना क्रमांक, बोलणाऱ्याचं मूळ वाक्य, पलीकडे पोचलेलं वाक्य आणि ऐकणाऱ्याचं उत्तर, असे चार रकाने. माणसांची नावं काळी करून टाकलेली. चारशे अकरा नंबरची बाई ‘पाऊस उघडलाय, निघा’ म्हणाली होती आणि पलीकडे ‘पाऊस सुरू झालाय, निघा’ असं पोचलं होतं. नवऱ्याने उत्तर दिलं होतं, ‘डोकं ठिकाणावर आहे का?’ अंबुलगेकर हसले. टिकमार्क केली.

चारशे बारा.

मूळ : अहो, मला घाबरं व्हायलंय बघा. सकाळपासून.

पोचलेलं : अहो, मला भीती वाटतेय बघा. सकाळपासून.

उत्तर : भिऊ नकोस. दार लावून घे. ▇▇▇ उद्या येतोच आहे.

इथेही टिकमार्क झाली. हात सवयीने पुढच्या ओळीवर गेला आणि तिथे थांबला. काळ्या पट्टीखाली ‘गंगाधर’ आहे हे त्यांना माहीत होतं. गंगाधर त्यांचा मेहुणा. उत्तर त्यांचं स्वतःचं होतं.

शिपायाने चहा आणून ठेवला. तो निवून त्यावर साय धरली तरी अंबुलगेकर त्याच पानावर होते.

*

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी ‘सारध्वनी’ सांगायला हवं.

पूर्वी फोन म्हणजे आवाजाची वाहतूक होती. तोंडातून निघालेल्या ध्वनिलहरीचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा आकडा करायचा, आणि सेकंदाला हजारो आकडे पलीकडे पाठवायचे. त्याला रुंद रस्ता लागतो. डोंगरात, जंगलात तो रस्ता नव्हता. मनोरे उभारायचे तर वीज नाही, वीज न्यायची तर वनखात्याची परवानगी नाही. देशातली चाळीसेक हजार गावं अशी कोरडी पडली होती.

सारध्वनीने वाहतूकच बदलली. फोन आवाज पाठवतच नाही. तो बोलणं ऐकतो, त्याचा अर्थ काढतो, आणि त्या अर्थाचा नंबर पाठवतो. पलीकडच्या फोनमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाचा साचा आधीच भरलेला असतो. नंबर आला की तो फोन त्या माणसाच्या आवाजात वाक्य नव्याने तयार करतो. पंगतीचं जेवण डबे भरून पाठवण्याऐवजी नुसती पदार्थांची यादी पाठवायची आणि स्वयंपाक पलीकडे करायचा, तसं. सिग्नलचा एक धागा मिळाला तरी पुरे. शिवाय ऐकायला इतकं स्वच्छ, की माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटावं. पुढे शहरांतही हेच आलं, कारण जागा वाचत होती.

जुन्या फोनवर आवाज तुटायचा, खरखरायचा. पण तुटलाय हे कळायचं. माणूस म्हणायचा, ‘काय म्हणालीस? परत सांग.’ सारध्वनीत खरखर नाही. न कळलेल्या जागी यंत्र त्यातल्या त्यात जवळचा अर्थ बसवतं आणि वाक्य पूर्ण करतं. त्यामुळे ‘परत सांग’ असं कुणी म्हणत नाही.

पहिलं धोरण दोन हजार एकतीस साली झालं तेव्हा मराठीची अर्थयादी करायचं काम अंबुलगेकरांकडे होतं. अर्थ जितके कमी तितका नंबर लहान, आणि नंबर जितका लहान तितकी दूरची गावं जोडता येणार. म्हणून बोलीतले शब्द जवळच्या प्रमाण शब्दाखाली एकत्र करायचे, असा नियम त्यांनी लिहिला. नियम क्रमांक सहा. तेव्हा सगळ्यांना तो साधा आणि शहाणपणाचा वाटला होता. एका दुपारी त्यांनी ‘भीती’ या शब्दाखाली पंचवीस शब्द घातले. भेव, भ्याव, धास्ती, धडकी. घाबरणे. घाबरं होणे.

ते स्वतः नांदेड जिल्ह्यातले. घाबरं होतं म्हणजे काय होतं हे त्यांना समजावून सांगायला नको होतं. छातीत कोंडतं, श्वास पुरत नाही, जीव खालीवर होतो. त्यांची आई म्हणायची, बायको म्हणायची. पण त्या दुपारी ते टेबलावर बसून शब्द लावत होते, आणि टेबलावर बसलं की ते पुण्याचं मराठी बोलत.

*

रेणुका माहूरच्या डोंगरातली. पुण्यात तीस वर्षं काढली तरी ‘जायलाव का’, ‘करायलाव का’ सुटलं नाही. सारध्वनी आल्यावर मात्र ती फोनवर एकदम शुद्ध बोलू लागली. यंत्रच तसं वाक्य बनवायचं. भावाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, “ताई, तू का आकाशवाणीवर लागलीस?”

“तुमच्या दाजीचं सार हाय ते,” ती म्हणाली. “लई पातळ. त्यात आमसूलच नाही.”

अंबुलगेकरांना ते फोनवरचं बोलणं आवडायचं. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. कधीकधी घरात ती मुद्दाम म्हणायची, “फोन लावून बोलू का? म्हणजे मी तुम्हाला शहाणी वाटंन.”

मोहपूर हे तिचं माहेर. डोंगरातल्या फोनवर सारध्वनी कसं चालतं ते तपासायला दोन हजार घरं हवी होती, आणि लोक तयार होत नव्हते. तेव्हा अंबुलगेकरांनी सासुरवाडीची आठ घरं पुढे केली, रेणुकाचा फोनही त्यात घातला. अशा फोनमध्ये मूळ आवाजही साठून राहायचा. वर्षाअखेरीस तो काढून पोचलेल्या वाक्याशी ताडून बघायचा, असं ठरलं होतं.

गेल्या वर्षी गंगाधरचं सगळं घर दोन दिवस लग्नाला नांदेडला गेलं आणि घर सांभाळायला रेणुका मोहपूरला राहिली. त्या आठवड्यात गावाच्या कडेला बिबट्या दिसला होता. सकाळी अकराला तिचा फोन आला तेव्हा अंबुलगेकर बैठकीत होते. बाहेर येऊन त्यांनी ऐकलं. मला भीती वाटतेय बघा, सकाळपासून. शांत, स्वच्छ आवाज. त्यांना वाटलं, बिबट्या. दार लावून घे म्हणाले. बरं म्हणाली. ते परत बैठकीत गेले.

ती भिणारी बाई नव्हती. लहानपणी तिने त्याच डोंगरात गुरं राखली होती. हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

वीस पावलांवर शाळामास्तरांचं घर होतं आणि मास्तरांच्या दारात जीप उभी होती. मास्तरांनी नंतर सांगितलं की दुपारच्या सुमाराला त्यांनी ताईंना दार लावताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी गंगाधरने ते फोडलं. आतून कडी घातलेली होती. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

*

परिशिष्ट तीन तयार करणाऱ्या संशोधिका नाझनीन इनामदार तिसऱ्या मजल्यावर बसत. पस्तिशीच्या, बोलायला तुटक. अंबुलगेकर पान घेऊन त्यांच्याकडे गेले.

“हा मूळ आवाज ऐकायचाय.”

“नमुन्यांचा आवाज बाहेर देत नाही, सर. नियम तुम्हीच केलाय.”

“हे उत्तर माझं आहे.”

नाझनीनबाईंनी पान बघितलं, मग त्यांच्याकडे. उठून दार ढकललं आणि कानाला लावायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं.

मूळ आवाजात आधी श्वासच होता. दोनदा ओढलेला, अर्धवट सुटलेला. मग ‘अहो’. मग पुन्हा श्वास. ‘मला घाबरं’ आणि ‘व्हायलंय’ यांच्यामध्ये इतकं अंतर होतं की त्यात दुसरं एक वाक्य मावलं असतं. सहा सेकंदांच्या बोलण्याला तिला एकोणीस सेकंद लागले होते.

“हे श्वास कुठे गेले?” अंबुलगेकरांनी विचारलं.

“श्वास गोंगाटात धरतो आपण. गाळतो.”

“कुणी ठरवलं?”

“सगळ्यांनीच. ऐकणाऱ्यांना आवडत नव्हतं.” त्यांनी पानावर बोट ठेवलं. “आपली चाचणीच अशी आहे, सर. ऐकणाऱ्याला विचारतो, नीट ऐकू आलं का? तो म्हणतो, आलं. सत्त्याण्णव टक्के. बोलणाऱ्याला कुणी विचारतच नाही, तुम्ही हेच म्हणाला होतात का?”

“असे किती?”

“दोन हजार घरांत जिवावर बेतलेले चार सापडले. जिथे मूळ आवाज ठेवलेलाच नाही, तिथलं काय सांगणार? तिथे काही चुकलं हे कुणालाच कळत नाही.”

अंबुलगेकरांनी यंत्र कानावरून काढलं नाही. नाझनीनबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

*

उपसमितीच्या अध्यक्षा डॉ. हेमलता तुंगारे यांनी सगळं ऐकून घेतलं. बाई कामाच्या पक्क्या होत्या आणि दुष्ट मुळीच नव्हत्या.

“तुम्हाला काय हवंय ते सांगा,” त्या म्हणाल्या.

“एक कलम. बोलणाऱ्याला विचारून पडताळणी झाल्याशिवाय नवीन गावांत सारध्वनी नेऊ नये. आणि अर्थयादी पुन्हा करावी, बोली धरून.”

“म्हणजे तीन वर्षं थांबा. तिथे आज फोनच नाही, अंबुलगेकर. ज्यांना साप चावतो, ज्या बायका अडतात, त्यांना आज काहीच नाही. त्यांना काय सांगू? अर्थ नीट होईपर्यंत मरा?”

“नाही.”

“मग?”

“फोन नसता तर ती मास्तरांकडे गेली असती,” अंबुलगेकर म्हणाले.

डॉ. तुंगारेंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, “दिल्लीत टक्केवारी मांडली तर सत्त्याण्णवाला टाळ्या पडतील. हा आवाज ऐकवला तर ऐकतील. एवढं मी जाणते. पण तो आवाज मृत व्यक्तीचा आहे. वारसांची संमती लागेल. सगळ्या वारसांची.”

वारस दोन. ते आणि जुई.

*

जुई नागपूरला एका बँकेत होती. अंबुलगेकर रेल्वेने गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, आणि त्या दिवसापासून त्यांना फोनवर धड बोलताही येत नव्हतं. दूधवाल्यालाही ते विचारत, “म्हणजे तुम्ही नक्की कोणता शब्द वापरलात?”

जुईने भात टाकला होता. त्यांना बघून म्हणाली, “किती वाळलात. घरी कणीक मळता की नुसती खिचडी?”

“खिचडी.”

“आईने हाणलं असतं.”

आईचा तो शेवटचा फोन अंबुलगेकरांच्या फोनमधून घेऊन जुईने ठेवला होता. पोचलेला. ती दर रविवारी ऐकायची. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं होतं, आई शांत होती, बाबांशी बोलली, बाबांनी धीर दिला. त्यावर तिने वर्ष काढलं होतं. जेवणं झाल्यावर अंबुलगेकरांनी पान तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं. त्यांच्यासारखीच तीही आधी पुढच्या ओळीवर गेली आणि मागे आली.

“घाबरं व्हायलंय,” ती हळू म्हणाली. आईच्या चालीत म्हणाली. मग विचारलं, “तुम्हाला हे ऐकू आलं असतं तर?”

“मास्तरांना फोन केला असता. माहूरला दवाखाना अर्ध्या तासावर.”

“वाचली असती?”

“डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.”

“मी डॉक्टरांना नाही विचारत.”

“वाचली असती, असं मला वाटतं.”

ती उठली, ताटं उचलली, मोरीत ठेवली आणि पाणी न सोडताच परत आली.

“हा शब्द भीतीखाली घातला कुणी?”

गाडीत बसल्यापासून अंबुलगेकर याच प्रश्नाची वाट बघत होते. “मी.”

“तुम्हाला माहीत नव्हतं त्याचा अर्थ?”

“माहीत होता.”

“मग?”

“यादी लहान करायची होती.”

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

“बाबा, तुम्ही खरं सांगायला आलात की सही घ्यायला?”

“दोन्ही.”

“सही नाही मिळणार.” तिचा आवाज चढला नव्हता. “दिल्लीत दहा माणसं एसीत बसून माझ्या आईचा श्वास ऐकणार. मग चहा घेणार. आणि मला तो ऐकायला लावू नका. एकदा ऐकला की माझ्याकडचा दुसरा मला परत ऐकता यायचा नाही.”

“तो दुसरा तिने म्हटलेला नाहीये, जुई.”

“माहितीये आता. तुम्ही सांगितलंत ना.”

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. सकाळी ते निघाले तेव्हा तिने डबा भरून दिला. खाली सोडायला मात्र आली नाही.

*

पुण्याला येऊन अंबुलगेकरांनी परिशिष्ट तीन पुन्हा लिहिलं. नमुना चारशे बारामधून मूळ वाक्य काढलं, पोचलेलं वाक्य काढलं. आवाज तर नव्हताच. चौथ्या रकान्यातलं उत्तर तेवढं ठेवलं. ते त्यांचं होतं, त्याला दुसऱ्या कुणाची संमती लागत नव्हती. खाली टीप लिहिली : ‘हे उत्तर सदस्य-सचिवांचे आहे. ज्या वाक्याला ते दिले गेले, ते वाक्य बोलणारीने उच्चारलेले नव्हते. तो बदल ज्या नियमामुळे झाला तो नियम क्रमांक सहा, सदस्य-सचिवांनीच केलेला आहे. बोलणारी मृत आहे.’

डॉ. तुंगारेंनी ते दोनदा वाचलं. “वाक्य नाही, नुसतं उत्तर. वाचणाऱ्याला काय कळणार?”

“मलाही तेवढंच मिळालं होतं.”

“यात तुमची नोकरी जाईल असं नाही. पण नाव राहील कागदावर. कायमचं.”

“राहू द्या.”

तुंगारेबाईंनी सही केली. कलमही जोडलं. दिल्लीच्या बैठकीत त्या त्यासाठी भांडल्या, असं नाझनीनबाईंनी सांगितलं. पाऊण तास भांडल्या. कोरड्या गावांतल्या सर्पदंशाचे आकडे समोरच्यांकडे होते, आणि ते आकडे खरे होते. त्यापुढे एका माणसाचं उत्तर आणि त्याखालची टीप एवढंच होतं.

धोरण मार्चमध्ये मंजूर झालं. जाड, देखणं पुस्तक निघालं. अंबुलगेकरांच्या कलमाच्या जागी एक ओळ होती : ‘उपसमितीने उपस्थित केलेल्या मुद्द्याचा यथावकाश अभ्यास करण्यात यावा.’ एक एप्रिलपासून नव्या गावांत सारध्वनी सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मेळघाटातल्या एका पाड्यातून आलेल्या फोनवर अडलेली बाळंतीण वाचली. तिचा फोटो सगळीकडे छापून आला. अंबुलगेकरांनी तोही नीट बघितला. बाई खरोखरच वाचली होती.

मे महिन्यात एकदा जुईचा फोन आला.

“बाबा, मी ठीक आहे. तुम्ही जेवता ना वेळेवर?”

“तू ठीक आहे म्हणालीस?”

“हो.”

“हाच शब्द म्हणालीस?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. यंत्राने बनवलेली शांतता खऱ्यासारखीच असते. मग स्वच्छ आवाज आला, “हो बाबा. हाच.” तिने खरोखर काय म्हटलं आणि कसं म्हटलं हे कळायला नागपूरला जायला हवं होतं, आणि तिने या म्हटलेलं नव्हतं. निदान त्यांना तसं ऐकू आलं नव्हतं.

अंबुलगेकर जूनअखेर निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी अर्थयादीच्या दुरुस्तीचा अर्ज रीतसर भरून दिला. पोच मिळाली. यादीत बदल करायला पुनर्रचना समिती लागते. ती समिती अजून नेमलेली नाही. ‘घाबरं होणे’ एकतीस सालापासून भीतीखाली आहे. ते तिथून काढायचं राहिलं आहे.